वाचकांचे प्रश्न : एकच रक्त, दोन आकडे

मागच्या अंकात रक्तातल्या हार्मोन तपासण्यांवर लिहिलं आणि पत्रं येतच राहिली. १९८२ साली परळच्या एका प्रयोगशाळेत मी टेक्निशियन म्हणून लागले, पुढे पुण्यात आले. एकूण ३४ वर्षं कॉर्टिसॉल, टेस्टोस्टेरॉन, इस्ट्राडिऑल, प्रोजेस्टेरॉन हेच मोजत होते. आलेल्या पत्रांतली पाच इथे घेते आहे.

प्रश्न : माझी मुलगी २४ वर्षांची आहे. पाळी अनियमित, हनुवटीवर केस येतात. गौरी-गणपतीच्या आठवड्यात एका लॅबमध्ये टेस्टोस्टेरॉन ८४ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर आलं. दिवाळीनंतर दुसऱ्या लॅबमध्ये ४६. कोणती लॅब चुकली? मुलगी रडते, ‘मी पुरुष होतेय का’ म्हणून विचारते. – एक आई, नाशिक

आधी मुलीसाठी. टेस्टोस्टेरॉन प्रत्येक बाईच्या रक्तात असतं, तुमच्या आहे, माझ्याही आहे. बीजांडकोश आणि मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी ते तयार करतात. बाईमध्ये साधारण १५ ते ७०, पुरुषात ३०० ते १०००. ८४ हा आकडा पुरुषांच्या जवळपासही जात नाही. तिला हे आजच सांगा, बाकीचं नंतर वाचा.

आता दोन आकड्यांकडे येऊ. कोणतीही लॅब मुद्दाम खोटं बोलत नाही. हा आकडा निघतो कसा ते पाहा. नळीत अँटिबॉडी, म्हणजे प्रतिपिंड, मोजून घातलेले असतात. समजा पंगतीत पन्नासच पाट मांडले आहेत. लाल टोपी घातलेले पन्नास लोक आपण स्वतः आणले आणि त्यांच्याबरोबर तुमच्या मुलीच्या रक्तातले पाहुणे आत सोडले. पाट तेवढेच, तेव्हा चढाओढ होणार. पाहुणे कमी असले तर लाल टोप्या जास्त बसतात, पाहुणे जास्त असले तर लाल टोप्या उभ्या राहतात. आम्ही पाहुणे मोजत नाही, बसलेल्या लाल टोप्या मोजतो आणि त्यावरून पाहुणे किती आले ते काढतो. लाल टोपी म्हणजे खूण लावलेलं हार्मोन. पूर्वी ही खूण किरणोत्सर्गी असायची, आता प्रकाश देणाऱ्या रसायनाची असते.

अडचण पाटावर कोण बसतं याची आहे. अँटिबॉडीला नाव वाचता येत नाही, तिला आकार कळतो. सगळी स्टेरॉइड हार्मोन्स कोलेस्टेरॉलपासून बनतात आणि सगळ्यांचा सांगाडा चार जोडलेल्या कड्यांचाच. कुठे एक ऑक्सिजन इकडचा तिकडे, कुठे एक कार्बन कमी. सख्खी भावंडं एका चेहऱ्याची असतात तसं. त्यामुळे टेस्टोस्टेरॉनच्या पाटावर एखादं चुलत भावंड बसून जातं. याला आम्ही क्रॉस-रिअ‍ॅक्शन म्हणतो.

हिशेब करून बघा. तरुण मुलीच्या रक्तात डीएचईए-सल्फेट नावाचं अधिवृक्क ग्रंथींचं हार्मोन डेसिलिटरमागे २०० मायक्रोग्रॅम असणं नेहमीचं आहे, म्हणजे २ लाख नॅनोग्रॅम. टेस्टोस्टेरॉन असतं ४० नॅनोग्रॅम. अँटिबॉडीने त्या २ लाखांपैकी फक्त ०.०१ टक्का चुकून धरलं तरी २० नॅनोग्रॅमची भर पडली! पुरुषाच्या ५०० मध्ये २० मिसळले तर कोणाच्या लक्षातही येत नाही, बाईच्या ४० मध्ये मिसळले तर रिपोर्टवर ठळक अक्षरात ‘हाय’ छापून येतं. म्हणून बायका आणि लहान मुलं यांच्या बाबतीत ही तपासणी सगळ्यात कच्ची आहे. हे डॉक्टरांनीच रुग्णाला आधी सांगायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि एक विचारते, रागावू नका. पहिलं रक्त गौरी-गणपतीच्या आठवड्यात दिलं होतं. त्या दिवसांत पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या होत्या का? आपल्याकडे गौरी बसायच्या म्हटलं की केमिस्टकडून त्या सर्रास आणल्या जातात. त्यांत नॉरएथिस्टेरॉन असतं. ते टेस्टोस्टेरॉनच्याच सांगाड्यावर बनवलेलं औषध आहे आणि काही किटमधली अँटिबॉडी त्याला टेस्टोस्टेरॉन समजते. तुमच्या मुलीच्या बाबतीत असंच झालं असं पत्रावरून म्हणता येणार नाही, पण गोळ्या घेतल्या असतील तर ८४ हा आकडा बाजूला ठेवा. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

पुढची तपासणी सकाळी करा, दर वेळी त्याच लॅबमध्ये करा, आणि पद्धत कोणती ते रिपोर्टवर वाचा. ‘सीएलआयए’ किंवा ‘ईसीएलआयए’ लिहिलं असेल तर ती अँटिबॉडीची पद्धत. ‘एलसी-एमएस’ असेल तर त्यात रेणू वजनावरून ओळखला जातो, भावंडांची गल्लत फार कमी होते. महाग आहे, पण बाईचं टेस्टोस्टेरॉन काठावर असेल तर एकदा तेवढे पैसे घालावेत. सोबत एसएचबीजीही करून घ्या. हे हार्मोनला धरून ठेवणारं प्रथिन आहे. वजन वाढलं की ते घसरतं, मग एकूण टेस्टोस्टेरॉन साधं दिसतं आणि मोकळं मात्र जास्त असतं.

प्रश्न : मी बीएस्सी बायोकेमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉर्टिसॉल तर सशाच्या शरीरातही असतं, मग त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी सशात तयार कशी होते? आणि यंत्रं नव्हती तेव्हा तुम्ही हे हाताने कसं करायचात? – एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

बाळ, पहिला प्रश्न फार नेमका विचारलास. नुसतं कॉर्टिसॉल टोचलं तर काहीच होत नाही. एक तर ते शरीराच्या ओळखीचं, आणि दुसरं म्हणजे रेणू अगदी लहान, वजन ३६२. प्रतिकारशक्ती एवढ्याशा वस्तूकडे वळूनही पाहत नाही. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात बर्नार्ड अर्लँगर, सेमूर लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये टेस्टोस्टेरॉन आणि कॉर्टिसोन गाईच्या रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला रासायनिक पुलाने जोडून दाखवलं. मोठ्या परक्या प्रथिनाच्या अंगावर स्टेरॉइड चिकटलेलं दिसलं की ससा त्या प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी बनवतो आणि त्यातल्या काही त्या चिकटलेल्या स्टेरॉइडला धरणाऱ्या निघतात.

पूल कुठे बांधला यावर सगळं ठरतं, हे तुझ्या पुस्तकात दोन ओळीत उरकलेलं असेल. पुलाजवळचा भाग अँटिबॉडीला नीट दिसत नाही. टेस्टोस्टेरॉन तिसऱ्या कार्बनवरून जोडलं तर त्या टोकाला फरक असलेली भावंडं तिला सारखीच वाटतात. प्रोजेस्टेरॉनसाठी लोक पुढे अकराव्या कार्बनवर गेले, इस्ट्राडिऑलसाठी सहाव्या. रेणूची दोन्ही टोकं मोकळी राहिली आणि ओळख सुधारली.

मोजायची युक्ती त्याच शहरातली, पण दुसऱ्या टोकाची. ब्राँक्सच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन इन्सुलिनवर काम करत होते आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी रेडिओइम्युनोअसे, म्हणजे किरणोत्सर्गी खूण लावून मोजायची पद्धत, उभा केला. त्यांनी त्याचं पेटंट घेतलं नाही. बर्सन १९७२ मध्ये गेले. १९७७ चं नोबेल यालोबाईंना मिळालं, बर्सनना मिळालं नाही, कारण नोबेल मरणोत्तर देत नाहीत. स्टेरॉइडमध्ये ही पद्धत रुळवणाऱ्यांत गाय एब्राहम यांचं नाव घ्यावं लागतं, १९६९ मध्ये त्यांनी इस्ट्राडिऑल या पद्धतीने मोजून दाखवलं. आम्ही परळला जे करत होतो ते याच सगळ्याच्या आधाराने.

आता हाताने कसं करायचो ते. प्लाझ्मा काचेच्या नळीत घ्यायचा, त्यावर ईथर ओतायचं आणि झाकण लावून हलवायचं. स्टेरॉइड ईथरमध्ये जातात. सल्फेट लागलेली भावंडं आणि हार्मोन पकडून बसलेली प्रथिनं पाण्यात मागे राहतात. मग नळीचं बूड अ‍ॅसिटोन आणि कोरड्या बर्फाच्या भांड्यात धरायचं. खालचा प्लाझ्मा गोठतो, वरचं ईथर गोठत नाही, ते दुसऱ्या नळीत अलगद ओतून घ्यायचं. ते एक मिनिट फार सुंदर असायचं, खाली पिवळसर बर्फाचा खडा आणि वरून पाण्यासारखं नितळ ईथर उतरतंय. खोलीत बर्नर तर सोडच, काडेपेटीही आणायची बंदी. साडीला तो गोडसर वास रात्री घरी जाईपर्यंत यायचा.

ईथर उडवून टाकलं की तळाशी उरलेलं डोळ्यांना दिसतही नाही. ते बफरमध्ये विरघळवायचं, अँटिबॉडी घालायची, ट्रिशियम, म्हणजे किरणोत्सर्गी हायड्रोजन, लावलेलं हार्मोन घालायचं आणि रात्रभर चार अंशावर ठेवायचं. दुसऱ्या दिवशी खरी परीक्षा. डेक्स्ट्रान लावलेला बारीक कोळसा बर्फात ढवळत ठेवायचा आणि प्रत्येक नळीत सारखा घालायचा. पाट न मिळालेलं मोकळं हार्मोन कोळसा शोषतो, अँटिबॉडीला धरलेलं वर राहतं. पण कोळसा जास्त वेळ राहिला तर धरलेलंही सुटायला लागतं. शंभर नळ्या असल्या तर पहिलीत आणि शंभराव्यात वेळेचा फरक पडतोच. म्हणून आम्ही ठरावीक मात्रांच्या नळ्या रांगेच्या सुरुवातीला आणि पुन्हा शेवटालाही लावायचो. दोन्हीकडचे आकडे जुळले नाहीत तर सगळी रांग रद्द. प्रत्येक नमुना दोनदा, आणि कमी, मध्यम, जास्त असे ओळखीचे तीन नमुने रोज. त्यांचा आलेख भिंतीवर टांगलेला असायचा. सकाळी आल्यावर चहाच्या आधी त्याच्याकडे नजर जायची.

आज यंत्र हे काम अठरा-वीस मिनिटांत करतं आणि बहुतेक यंत्रांत ईथर नसतं. वेग मिळाला, पण सल्फेटवाली भावंडं आता नळीत शिल्लक राहतात, नाशिकच्या ताईंना वर जे सांगितलं ते इथूनच येतं. नवजात बाळांत अधिवृक्क ग्रंथींचा जन्मजात दोष शोधायला १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन हे हार्मोन मोजतात, तेव्हा हे फार जाणवतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या रक्तात अशी सल्फेट पुष्कळ असतात आणि ते बिचारं निरोगी असून तपासणी वर दाखवते.

प्रश्न : वडील ६३ वर्षांचे. गुडघ्यांसाठी शेजारच्या गावातून दीड वर्ष पुड्या आणत होते. चेहरा गोल झाला, पोट सुटलं, हातावर निळे डाग पडतात. डॉक्टर म्हणाले पुड्यांत स्टेरॉइड असणार. पण सकाळचं कॉर्टिसॉल ०.९ मायक्रोग्रॅम आलं, म्हणजे अगदी कमी. स्टेरॉइड जास्त झालं तर आकडा कमी कसा? पुड्या बंद केल्या तर चालेल ना? – एक मुलगा, बीड जिल्हा

नाही, पुड्या एकदम बंद करू नका. उद्या सकाळी वडिलांना आणि उरलेल्या पुड्या दोन्ही घेऊन फिजिशियनकडे जा.

अशा पुड्यांत बहुतेकदा डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन कुटून घातलेलं असतं. शरीर त्याला कॉर्टिसॉलच, म्हणजे अधिवृक्क ग्रंथींचं आपलं स्वतःचं स्टेरॉइड, समजतं, मेंदूखालची पिट्यूटरी म्हणते भरपूर आहे, आणि अधिवृक्क ग्रंथींना हुकूम जाणं थांबतं. दीड वर्षात ग्रंथी आक्रसून झोपी जातात. लॅबमधली अँटिबॉडी मात्र डेक्सा आणि बीटाला जवळजवळ ओळखत नाही, ती वडिलांचं स्वतःचं कॉर्टिसॉल मोजते, आणि ते बनतच नाहीये. सकाळी आठला साधारण ५ ते २५ असायला हवं. अंगावर स्टेरॉइडची सूज आणि रिपोर्टमध्ये ०.९, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. अशात बाहेरचं स्टेरॉइड एकदम थांबलं तर शरीराकडे काहीच उरत नाही. उलट्या, गळून जाणं, रक्तदाब आणि साखर उतरणं असं झालं तर सकाळची वाट न बघता थेट रुग्णालय गाठा आणि ‘हे स्टेरॉइड घेत होते’ हे पहिलं वाक्य बोला.

हे इतक्या जोरात का सांगते? १९९४ मध्ये माझ्या टेबलावर एका बाईंचा नमुना आला होता. सकाळचं कॉर्टिसॉल १४. दोनदा लावलं, दोन्ही वेळा जुळलं, भिंतीवरचा आलेख सरळ होता. मी ‘नॉर्मल’ म्हणून सही केली. बाई दम्यासाठी वर्षभर प्रेडनिसोलोन घेत होत्या, हे फॉर्मवर कोणी लिहिलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. प्रेडनिसोलोन आणि कॉर्टिसॉल यांत एका दुहेरी बंधाचाच फरक, आमच्या किटची अँटिबॉडी दोघांना एकाच पाटावर बसवत होती. त्या १४ मध्ये बाईंचं स्वतःचं फारच थोडं होतं. ग्रंथी जागी आहे असं समजून गोळी थांबवली गेली आणि पाचव्या दिवशी त्या बेशुद्ध अवस्थेत परत आल्या. वेळेत हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन मिळालं म्हणून वाचल्या. मी वॉर्डात जाऊन त्यांना भेटले होते. त्यांना मी कोण ते माहीत नव्हतं, त्यांनी मला बसायला खुर्ची पुढे केली.

त्या आठवड्यात मी आमच्या फॉर्मवर हाताने एक ओळ वाढवली, ‘गेल्या सहा महिन्यांतली सर्व औषधे : गोळ्या, इंजेक्शन, पंप, मलम, पुड्या’. ती रिकामी असली की मी रक्त घ्यायच्या आधी खिडकीतून विचारायचे. काही जण चिडायचे, रांग लांबायची. निवृत्तीपर्यंत मी ते सोडलं नाही.

तुमच्या वडिलांना डॉक्टर बहुधा माहीत असलेल्या मात्रेत हायड्रोकॉर्टिसोन किंवा प्रेडनिसोलोन देतील आणि आठवड्यांनी, महिन्यांनी कमी करत आणतील. मधे कॉर्टिसॉल पुन्हा बघायचं असेल तर शेवटच्या गोळीपासून २४ तास जाऊ द्या आणि त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावर घ्या, पण हे डॉक्टरांना विचारूनच. आणि गोळीचं नाव लॅबच्या खिडकीवर सांगा.

प्रश्न : केस गळतात म्हणून बायोटिन १० मिलिग्रॅम घेते. हार्मोन तपासणीच्या आधी बंद करायचं का? – एक वाचक, ठाणे

हो. दोन-तीन दिवस आधी बंद करा, आणि घेत होतात हे लॅबला सांगा. बऱ्याच किटमध्ये अँटिबॉडीला यंत्राशी बांधायची दोरी बायोटिनचीच असते. रोजची गरज साधारण ३० मायक्रोग्रॅम, तुमच्या गोळीत त्याच्या तीनशेपट. रक्तात एवढं बायोटिन असलं की दोरीची जागा अडते आणि खूण यंत्रापर्यंत पोचतच नाही. स्टेरॉइडच्या तपासणीत खूण कमी म्हणजे हार्मोन जास्त असं गणित असल्यामुळे आकडा खोटाच वर जातो. थायरॉइडच्या टीएसएच तपासणीचं गणित उलटं, तिथे तो खोटाच खाली येतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. नव्या किटमध्ये कंपन्यांनी सुधारणा केल्या आहेत, पण तुमच्या लॅबचं किट कोणतं ते तुम्हाला बाहेरून कळणार नाही.

प्रश्न : माझ्याकडे नऊ म्हशी आहेत. दोन म्हशी माज दाखवत नाहीत, रेतन भरलं तरी गाभण की भाकड ते दोन-अडीच महिने कळत नाही. बायकांची प्रोजेस्टेरॉन तपासणी म्हशीला चालेल का? – एक शेतकरी, पंढरपूर तालुका

दादा, तुमच्या पत्राने मला फार आनंद झाला. प्रोजेस्टेरॉनचा रेणू बाईत आणि म्हशीत एकच आहे, अँटिबॉडीला फरक कळायचं कारण नाही. मुक्या माजाच्या म्हशीत तर ही तपासणी सोन्यासारखी आहे. माजात प्रोजेस्टेरॉन तळाला असतं, मिलिलिटरमागे १ नॅनोग्रॅमच्याही खाली. रेतनानंतर २१ ते २४ दिवसांत ते खालीच दिसलं तर म्हैस गाभण नाही हे जवळपास नक्की. वर दिसलं तर गाभण असू शकते, पण खात्री तपासूनच करायची, कारण माजाचं चक्र मागेपुढे झालं तरी ते वर दिसतं. एकाच रक्तावर ठरवू नका, आठ-दहा दिवसांनी दुसरं घ्या. दुधातही मोजता येतं, सुई टोचायला नको. आणि माणसांच्या लॅबपेक्षा पशुवैद्यकीय महाविद्यालयात आधी चौकशी करा. माणसाच्या रक्तासाठी बसवलेलं किट म्हशीच्या प्लाझ्मात थोडं इकडेतिकडे दाखवू शकतं, आणि म्हशीची पातळी मुळात गाईपेक्षाही कमी असते.

एक काळजी मात्र तुम्हालाच घ्यावी लागेल. माणसाचं रक्त तासभर टेबलावर राहिलं तरी प्रोजेस्टेरॉन टिकतं. गाईच्या रक्तात तसं नाही, तांबड्या पेशीच ते मोडत जातात आणि काही तासांत आकडा निम्म्यावर येऊ शकतो. म्हशीच्या रक्तालाही तोच नियम लावा. गोठून जाईल अशा साध्या नळीत घेऊ नका. रक्त न गोठणारी, हिरव्या किंवा जांभळ्या टोपणाची नळी वापरा, घेतल्याबरोबर बर्फाच्या थर्मासमध्ये ठेवा, आणि तासाभरात सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवून वरचा पिवळा प्लाझ्मा वेगळा होईल अशी सोय आधी बघून ठेवा. मोटारसायकलच्या डिकीत उन्हात चाळीस किलोमीटर गेलेली नळी गाभण म्हशीलाही भाकड ठरवेल. नळीवर पेन्सिलीने कानातल्या बिल्ल्याचा नंबर, रेतनाची तारीख आणि रक्त घेतल्याची वेळ लिहा. बर्फाच्या पाण्यात पेनची शाई पुसते.